पुसट चेहऱ्यामागचे गणित

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीच्या कारवाईचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आता आवश्यक झाले आहे, तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत चित्राबरोबर आवाजही टिपणारे कॅमेरे बसवून त्यांचे मुद्रण अठरा महिने, आणि तशी साधने मिळत नसतील तर निदान एक वर्ष, जपून ठेवण्याचा आदेश दिला आहे. अशा मुद्रणांत संशयिताबरोबर त्याच्या घरातील मुले, दारात जमलेले शेजारी, तक्रार द्यायला आलेली स्त्री आणि भिंतीवर टांगलेले औषधांचे कागदही टिपले जातात. न्यायालयापुढे हे सारे मूळ स्वरूपात ठेवावे लागते. परंतु तेच मुद्रण एखाद्या अर्जदाराला किंवा वृत्तवाहिनीला द्यायचे झाल्यास लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मुळे आणि पीडित बालकाची ओळख पोक्सो कायद्याच्या कलम २३ मुळे झाकावी लागते. देण्याजोगा भाग ठेवून संवेदनशील भाग काढून टाकण्याच्या या प्रक्रियेला ‘रिडॅक्शन’ म्हणतात, आणि संपादनाच्या टेबलावर तिचेच सुटसुटीत रूप ‘ब्लर करणे’ किंवा ‘बीप टाकणे’ या शब्दांत ऐकू येते.

कागदावरील ओळ काळी करणारा कारकून एका वेळी एकच ओळ पाहतो, तर सेकंदाला ३० चौकटी या वेगाने केलेल्या तासाभराच्या चित्रणात १,०८,००० स्वतंत्र चित्रे असतात. हे काम माणसाने एकेक चौकट पाहून करणे व्यवहारात अशक्य असल्यामुळे ते संगणक प्रणालींकडे आले, आणि त्याबरोबरच त्याची कसोटीही बदलली. प्रेक्षकाच्या डोळ्याला चेहरा दिसत नाही एवढ्याने पूर्वी काम भागत असे. आता मात्र झाकलेल्या भागातून दुसऱ्या एखाद्या प्रणालीला गणिताने काही काढता येते का, हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा अडचणीचे असते.

पहिली पायरी चेहरा शोधण्याची. चेहरा शोधणे म्हणजे तो कोणाचा हे ओळखणे नव्हे. चित्राच्या कोणत्या चौकोनात चेहरा आहे एवढेच येथे ठरवायचे असते. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा कणा त्याच्या दोन्ही बाजूंपेक्षा उजळ असतो, अशा साध्या निरीक्षणांचे रूपांतर आयताकृती भागांतील प्रकाशमूल्यांच्या बेरीज-वजाबाकीत केलेले होते. बहुतेक चौकोन पहिल्याच काही तपासण्यांत बाद होत असल्याने सातशे मेगाहर्ट्झच्या पेंटियम ३ संगणकावरही ती सेकंदाला १५ चित्रे तपासू शकत असे. मात्र ही पद्धत प्रामुख्याने समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यांसाठी होती. आजच्या प्रणाली कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क वापरतात, म्हणजे कोणती वैशिष्ट्ये पाहायची हे माणूस ठरवून देत नाही, तर लक्षावधी उदाहरणांवरून ती प्रणालीच शिकते. त्यामुळे वळलेला, अर्धवट झाकलेला किंवा अंधूक चेहराही तिला बराचसा सापडतो. शिकवणीच्या उदाहरणांत जे चेहरे कमी आले, त्यांच्या बाबतीत ती कमी पडते, हेही ओघाने आलेच.

‘बराचसा’ या शब्दाचे मोल प्रसंगाप्रसंगाने बदलते. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यू सेवेने रस्त्यांच्या छायाचित्रांतील चेहरे आणि वाहनांचे क्रमांक २००८ पासून पुसट करण्यास सुरुवात केली, आणि त्या प्रणालीविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात चाचणीतील ८९ टक्क्यांहून अधिक चेहरे आणि ९४ ते ९६ टक्के क्रमांकपट्ट्या झाकल्या गेल्याची नोंद आहे. वाटसरूंच्या बाबतीत हे प्रमाण चालून जाईल. पण साक्षीदाराचा चेहरा त्या उरलेल्या टक्क्यांत सापडला तर काय, याचे उत्तर सरासरीत मिळत नाही. चलच्चित्रात तर ही अडचण वाढते. एखादी व्यक्ती दहा सेकंद दिसली तर तिचा चेहरा ३०० चौकटींत येतो, आणि दर चौकटीला ९९ टक्के यश मिळाले तरी सरासरीने तीन चौकटी उघड्या राहतात. धावत्या चित्रात त्या जाणवतही नाहीत, परंतु चित्रफीत थांबवून एकेक चौकट पुढे सरकवणाऱ्याला त्यांतली एकही पुरते.

म्हणून शोधण्याला मागोव्याची जोड द्यावी लागते. आधीच्या चौकटींतील स्थान आणि वेग यांवरून पुढच्या चौकटीतील स्थानाचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष निरीक्षणाने तो दुरुस्त करीत जायचे, ही रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गाळणीची कल्पना येथे उपयोगी पडते. त्यामुळे मधल्या दोन-तीन चौकटींत चेहरा सापडला नाही तरी झाकण जागेवरच राहते. शिवाय मुद्रण आधीच हाती असल्यामुळे प्रणाली काळाच्या उलट दिशेनेही चालवता येते, आणि एखादी व्यक्ती कॅमेऱ्याकडे वळण्यापूर्वीचे ओझरते क्षणही त्यातून झाकले जातात. आरशातील प्रतिबिंब, मोबाइलच्या पडद्यावरील छायाचित्र, दंडावरचे गोंदण आणि चालण्याची लकब मात्र या साऱ्यातून निसटू शकते.

चेहरा सापडल्यावर तो कशाने झाकायचा, हा निर्णय वरवर सौंदर्यदृष्टीचा वाटतो, पण खरी मेख तेथेच आहे. २००७ मध्ये इंटरपोलने बालकांवरील अत्याचाराच्या छायाचित्रांतील एका इसमाचा चेहरा जाहीर केला. त्या चित्रांत तो भोवऱ्यासारखा पिळलेला होता आणि जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ गणिताने उलटा फिरवून मूळ चेहरा मिळवला होता. संशयिताला त्यानंतर काही दिवसांतच थायलंडमध्ये अटक झाली. पिळण्याच्या क्रियेत बिंदूंची केवळ जागा बदलते, माहिती बरीचशी टिकून राहते. पुसट करण्याच्या क्रियेत प्रत्येक बिंदूची शेजाऱ्यांशी भारित सरासरी काढली जाते, आणि तिचे प्रमाण कमी असेल तर तीही काही अंशी उलटवता येते. मोझॅकमध्ये म्हणजे चौकोनी ठोकळ्यांच्या पद्धतीत १६ गुणिले १६ अशा २५६ बिंदूंच्या जागी एकच सरासरी रंग येतो. येथे माहिती खरोखर नष्ट होते, तरीही उत्तरांच्या शक्यता मोजक्या असतील तर उरलेली माहिती पुरेशी ठरते. टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेक येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की झाकलेल्या चित्रांवरच शिकवलेले न्यूरल नेटवर्क, ठरावीक व्यक्तींपैकी ही कोण, याचे उत्तर बऱ्याचदा अचूक देते. ते चेहरा परत घडवत नाही. दिलेल्या यादीतून नाव निवडते. तपासणाऱ्याला किंवा सूड घेऊ पाहणाऱ्याला बहुधा तेवढेच हवे असते.

वाहनाच्या क्रमांकपट्टीवर हे अधिक स्वच्छ दिसते. ‘एमएच १२’ या अक्षरांवरून पुण्याची नोंदणी आधीच कळलेली असेल तर शेवटच्या चार अंकांच्या जेमतेम दहा हजार शक्यता उरतात. प्रत्येक क्रमांक ठरावीक आकाराच्या अक्षरांत काढायचा, त्यावर तसाच मोझॅक टाकायचा आणि चित्रातील ठोकळ्यांशी तो किती जुळतो ते पाहायचे, एवढे काम संगणक क्षणार्धात करतो. एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना लागलेल्या उच्च सुरक्षा पट्ट्यांमुळे अक्षरांची घडणही एकसारखी झाली, त्यामुळे ४१४१ चा ‘दादा’ करणाऱ्या जुन्या कलाकुसरीच्या पट्ट्या निदान या एका बाबतीत अधिक गोपनीय होत्या असे गमतीने म्हणता येईल. चलच्चित्रात मोझॅक आणखी दुबळा होतो, कारण ठोकळ्यांची जाळी स्थिर राहून वाहन पुढे सरकत असेल तर प्रत्येक चौकटीत एकाच पट्टीची थोडी वेगळी सरासरी मिळते आणि अशा अनेक समीकरणांतून मूळ आकार सोडवता येतो. या सगळ्यावर उपाय दिसायला कुरूप पण खात्रीचा आहे, तो म्हणजे एकाच रंगाचा भरीव चौकोन. त्यात मूळ बिंदूंचा कोणताही अंश शिल्लक राहत नाही.

आवाजाच्या बाबतीत असाच फरक बीपमध्ये दिसतो. एक हजार हर्ट्झचा सूर मूळ बोलण्याच्या जागी ठेवला तर बोलणे गेले. पण तो बोलण्यावर केवळ मिसळला असेल, तर तेवढीच वारंवारिता गाळून बोलणे पुन्हा ऐकता येते. शब्द नेमका कोठे सुरू होतो हे ठरवण्यासाठी उच्चार-ओळख प्रणाली आवाजाचे लिखित रूप तयार करून प्रत्येक शब्दापुढे वेळ नोंदवते, आणि नंतर दुसरी प्रणाली त्या मजकुरातून व्यक्ती, गावे, दूरध्वनी क्रमांक अशी विशेषनामे वेचते. मराठीत ही दुसरी पायरी विशेष कठीण आहे. इंग्रजीत मोठ्या अक्षरावरून विशेषनामाचा सुगावा लागतो, देवनागरीत तशी सोय नाही. ‘आशा’, ‘प्रकाश’, ‘ज्योती’ ही नावेही आहेत आणि साधे शब्दही. शिवाय पुणे ‘पुण्याहून’ होते आणि कोल्हापूर ‘कोल्हापुरात’ होते, त्यामुळे केवळ यादीशी ताडून भागत नाही. पुण्यातील एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये हाताने खुणा केलेल्या पंचवीस हजार मराठी वाक्यांचा ‘महानेर’ हा संच उपलब्ध केला, तो याच प्रश्नासाठी मोलाचा आहे. तरीही ‘शेजारच्या किराणावाल्या काकांनी’ या शब्दांत एकही विशेषनाम नसताना गावातील प्रत्येकाला माणूस कळतो, आणि हे कोणत्याही यादीत बसत नाही.

शब्द कापताना पुढेमागे थोडी जागा सोडावी लागते, कारण आधीच्या स्वरातच पुढच्या व्यंजनाची चाहूल असते आणि खोलीतील प्रतिध्वनी शब्द संपल्यावरही रेंगाळतो. साक्षीदाराचा आवाज जाड करून ऐकवण्याची वाहिन्यांची पद्धत तर फारच ठिसूळ आहे, कारण स्वर जितका खाली आणला तितकाच वर नेता येतो. २०२० पासून चाललेल्या व्हॉइसप्रायव्हसी या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत म्हणून वेगळा मार्ग अजमावला गेला: बोलणाऱ्याच्या आवाजाची ओळख सांगणारी संख्यांची मालिका वेगळी काढायची, तिच्या जागी काल्पनिक व्यक्तीची मालिका ठेवायची आणि तेच शब्द नव्या आवाजात पुन्हा घडवायचे. वऱ्हाडी किंवा मालवणी शब्दकळा मात्र याने लपत नाही.

एवढे सगळे केल्यावरही फाइल स्वतः बोलकी असू शकते. एका एमपी४ फाइलमध्ये आवाजाचे एकाहून अधिक मार्ग, उपशीर्षके, स्थळाचे अक्षांश-रेखांश आणि लघुचित्र असू शकते, आणि दिसणारे चित्र झाकले म्हणून हे भाग आपोआप बदलत नाहीत. गुगलच्या पिक्सेल दूरध्वनींतील एका दोषामुळे कापून टाकलेल्या चित्राचा उरलेला भाग फाइलच्या शेपटीत तसाच राहत होता, हे २०२३ मध्ये उघडकीस आले. म्हणून झाकणाचा थर वर ठेवून न थांबता पूर्ण चित्रफीत नव्याने संकेतबद्ध करावी लागते, आणि मूळ फाइल तिच्या हॅश मूल्यासह, म्हणजे एक बिट बदलला तरी बदलणाऱ्या गणिती ओळखक्रमांकासह, वेगळी जपावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हे मूल्य नोंदवायचे असते.

अति झाकण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या पोलिसांनी २०१४ च्या अखेरीस अंगावरील कॅमेऱ्यांचा प्रयोग सुरू केला, तेव्हा वॉशिंग्टन राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली एका अर्जदाराने सारेच मुद्रण मागितले. प्रत्येक चौकट तपासणे आवाक्याबाहेरचे असल्याने पोलिसांनी संगणक-जाणकारांना बोलावून उपाय शोधायला लावले आणि २०१५ मध्ये संपूर्ण पुसट, आवाजविरहित चित्रण यूट्यूबवर टाकले. त्यात कोणाची ओळख उघड झाली नाही, पण पोलीस नेमके कसे वागले हेही त्यातून फारसे कळत नव्हते, आणि कॅमेरे बसवण्यामागचा हेतू तर तोच होता. भारतात माहिती अधिकार कायद्याचे कलम १० अंशतः माहिती देताना वगळण्याची कारणे आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व पदनाम कळवण्यास सांगते, त्यामुळे चांगल्या प्रणालीला झाकलेल्या प्रत्येक तुकड्याची वेळ, कारण आणि मंजुरी देणारी व्यक्ती यांची नोंद ठेवावी लागते. ती नोंदही जपून लिहावी लागते, कारण रकान्यात ‘पीडितेच्या मामाचे नाव’ असे कारण टाकले तर आवाजातून काढलेले नाते कागदावरून अर्जदारापर्यंत पोचते. तेथे कलमाचा क्रमांक पुरतो.