हैदराबादची सहल : तिकिटाआधी लेकरांची उंची मोजा



उसाचे बिल जमा झाले की घरोघरी हैदराबादच्या सहलीची गोष्ट निघते. धर्माबादहून बासर-निजामाबादमार्गे रेल्वेची सोय आहे. पण पहिल्याच खेपेला तिकीट कोणते घ्यावे, इथे घोडे अडते.

आमचे म्हणणे सरळ आहे : घरातले कोण काय करणार, ते आधी ठरवा. म्हातारी माणसं संगं असतील तर १९९६ साली सुरू झालेली रामोजी फिल्मसिटी बरी. तिथे तिकिटातच बसमध्ये बसवून सेट दाखवतात. लेकरांना पाळणे नि पाण्याचे खेळ हवे असतील तर २०१६ साली उघडलेले वंडरला. पाळण्यात न बसणाऱ्यालाही तिथे तिकीट पडतेच. लेकरांचे तिकीट मात्र वयावर नाही, उंचीवर : ८५ सेंटिमीटरच्या आत फुकट, १४० पर्यंत कमी दर. तेव्हा घरीच चौकटीला उभे करून टेप लावा.

रांग टाळण्याचे महाग तिकीट सुट्टीच्या गर्दीत कामी येते. कामाच्या वारी साधे पुरे. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे न्यावेत.

उसाचा पैसा वर्षभराच्या राबण्याचा आहे. तो मोजून-मापून खर्चावा, एवढीच विनंती.