समुद्र परत गेला नाही

कॅम्पबेल बे हे ग्रेट निकोबार बेटावरचं मुख्य गाव. तिथल्या एका टपरीवर चहा घेताना शेजारच्या बाकावरून अस्सल सातारी हेल कानावर आला, तेव्हा मी चमकले. खरं तर चमकायचं कारण नव्हतं. 1969 पासून सरकारने या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिक वसवले. त्यांत पंजाबी, मल्याळी, तमिळ होते, तसे आपलेही होते. नारळ-सुपारी लावून त्यांनी इथे संसार थाटले. टपरीवरचे काका त्यांतल्याच एका घरातले. मी त्सुनामीनंतरच्या पुनर्वसनाचे फोटो काढायला आलेय म्हटल्यावर म्हणाले, "घरांचे काढ, लई हायती. पण आधी माझी बाग दाखवतो, चल."

त्यांनी मला किनाऱ्यावर नेलं आणि समुद्राकडे बोट केलं. "ती लाट फुटतीय ना? तिच्या अलीकडं सगळी माडंच होती."

26 डिसेंबर 2004, रविवार, नाताळचा दुसरा दिवस. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्याची भेग उत्तरेकडे, थेट अंदमानपर्यंत उकलत गेली. लाटांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीची कथा मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही. भारतीय भूपट्ट एकदम सरकला, तेव्हा त्याच्या वरच्या पट्ट्याचा काही भाग उचलला गेला आणि काही खचला. उत्तर अंदमानात प्रवाळ पाण्याबाहेर उघडे पडले. निकोबार खाली गेलं. देशाचं दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीन जवळपास सव्वाचार मीटर खचली आणि 1972 पासून कोरड्या जमिनीवर उभं असलेलं दीपगृह पाण्यात आलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आली, संहार करून ओसरली. इथे ओसरल्यावरही पाणी पूर्वीच्या रेषेवर गेलं नाही. बुडालेल्या बागेचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण ती पुन्हा लावायची कुठे?

काकांचं निदान नुकसान मोजता तरी आलं. त्यांच्याकडे जमिनीचे कागद होते. निकोबारी लोकांचं तसं नाही. त्यांची दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरची गावं वाहून गेली. जे वाचले त्यांना कॅम्पबेल बेजवळ आणलं गेलं. आधी पत्र्याच्या खोल्या, मग खांबांवरची, पत्र्याच्याच छपराची पक्की घरं. राजीव नगरमध्ये मी ती पाहिली. ओळीने उभी, सारख्या मापाची. फोटोत छान येतात, हीच पंचाईत.

कारण निकोबारी माणूस घर मोजतो ते 'तुहेत'ने. तुहेत म्हणजे अनेक पिढ्यांचं एकत्र कुटुंब; माड, डुकरं, जमीन सारं सामाईक. नव्या घरांत माणसं नवरा-बायको-मुलं अशी वेगळी झाली. भरपाईही बँकेत, एकेकाच्या नावावर आली. तोवर खोबरं विकून तांदूळ-कापड घेणाऱ्यांच्या हातात एकदम मोठी रक्कम पडली. काही वर्षांत ती मोटारसायकली, टीव्ही आणि दारूत विरली. देणाऱ्यांची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. फक्त कुटुंब म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही, आणि फॉर्मवर तसा रकानाही नव्हता.

आदिवासी राखीव भागात पासशिवाय जाता येत नाही. 1956 चा नियम आहे आणि तो हवाच. त्यामुळे जुन्या गावांच्या जागी मी गेले नाही. कॅमेरा पिशवीत टाकला, वही काढली आणि एका आजोबांना म्हटलं, तुमचं गाव काढून दाखवा. त्यांनी ओढा काढला, होड्या लावायची जागा काढली, केवड्याच्या जातीचं त्यांचं खाण्याचं फळ कुठे मिळायचं तिथे गोल काढले. घर सर्वांत शेवटी, तेही माझ्या आग्रहाखातर. पलीकडच्या वस्तीचं नाव न्यू चिंगेन. मूळ चिंगेन खाली, इंदिरा पॉइंटच्या बाजूला. आम्हाला परत जाऊ द्या, ही मागणी हे लोक पहिल्यापासून करत आहेत. पत्र्याखालचा मुक्काम त्यांनी तात्पुरताच समजला होता.

दरम्यान गॅलेथिया खाडीवर मोठं बंदर, विमानतळ आणि नवं शहर उभारायचा प्रकल्प आला. 2022 च्या ऑगस्टमध्ये आदिवासी परिषदेने त्याला ना हरकत दिली. ज्या किनाऱ्यावर परत जायचं तोच त्यात जातोय हे कळल्यावर नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली. त्याच महिन्यात प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली.

आजोबांनी काढलेल्या नकाशाच्या मी दोन प्रती केल्या. एक माझ्याकडे आहे. मूळ कागद त्यांनी मागून घेतला. कॅप्टनला, म्हणजे गावच्या मुखियाला द्यायचाय म्हणाले, कुठल्याशा अर्जाला जोडायला.