सावलीचे नाव

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी पुस्तकांची कपाटे माझ्या वाट्याला येतात. काम तासाभराचे, पण मला दोन दिवस पुरत नाहीत. कारण झटकायला घेतलेले पुस्तक मी वाचत बसतो आणि सौ. स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजाने आपले मत कळवते. गेल्या वर्षी असाच फडके खांद्यावर टाकून बसलो असता कन्येच्या खणातून एक बारीकसे इंग्रजी पुस्तक निघाले: ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, लेखिका अर्सुला ले ग्विन. जादूगार, ड्रॅगन, बेटांचा नकाशा! मराठीच्या प्राध्यापकाने नाक मुरडावे अशी सारी सामग्री. मी ते मुरडलेही.

“बाबा, आधी वाच. मग बोल,” कन्या म्हणाली. वय वर्षे तेरा. हे वाक्य मी वर्गात पुष्कळदा वापरतो, त्यामुळे उत्तर सुचेना. वाचायला घेतले.

हे पुस्तक 1968 सालचे. मोठ्या मुलांसाठी काही लिहा, असे प्रकाशकाने सुचवले, तेव्हा बाईंच्या मनात आले की, गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे का? ते पोरवयात काय करीत असतील? त्यातून हा गेड जन्मला. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा, तांबूस सावळ्या वर्णाचा, आईवेगळा, लोहारकाम करणाऱ्या बापाचा पोर. अंगात विद्या आहे, आणि तिच्याहून मोठा गर्व आहे.

त्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून माणसे आपले खरे नाव लपवून टोपणनावाने वावरतात. हे वाचून इंग्रजी वाचकाला नवल वाटत असेल. मला आमची आजी आठवली. उखाण्याखेरीज आजोबांचे नाव तिने कधी तोंडातून काढले नाही. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे आणि हाक मारायचे वेगळे, हेही आपल्याला नवे नाही. ले ग्विनबाईंना मात्र हे घरातच मिळाले असावे. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. 1911 साली कॅलिफोर्नियात याही जमातीतला अखेरचा माणूस एकटाच रानातून बाहेर आला. परक्याला स्वतःचे नाव सांगणे त्याच्या रीतीत नव्हते. क्रोबरांनी त्याला ‘इशी’ म्हटले; त्याच्या भाषेत याचा अर्थ ‘माणूस’. 1916 साली तो वारला आणि खरे नाव त्याच्याबरोबर गेले. अर्सुलाबाई 1929 च्या. त्यांनी त्याला पाहिले नाही, पण आईने 1961 साली त्याच्यावर पुस्तक लिहिले.

असो. गेड जादूच्या शाळेत जातो. तिथे जास्पर नावाचा एक खानदानी, गोड बोलून टोचणारा मुलगा. त्याला दिपवण्यासाठी गेड एका रात्री, कोणी सांगितले नसताना, मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो. जमीन-आकाशाला भेग पडते, तिच्यातून एक काळी सावली येते आणि त्याचा चेहरा ओरबाडते. ती भेग बुजवण्यात शाळेचे वृद्ध कुलगुरू प्राणाला मुकतात. एका पोराच्या फुशारकीची ही किंमत.

इथे माझे पान उलटेना.

नोकरीचे माझे पहिले वर्ष. पहिल्या वर्षाचा वर्ग, मागच्या बाकांवर शहरातली टवाळ मुले. त्यांच्यावर छाप पाडायची मला घाई. खेड्यातून आलेला एक मुलगा उभा राहून धडा वाचत होता. ‘आनि’ म्हणाला, मग ‘पानी’ म्हणाला. मी म्हणालो, “बस खाली. आधी पानी पिऊन ये.” वर्ग हसला. तोही हसला, हे मला चांगले आठवते. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ती अशुद्धी नव्हे, हे मी भाषाविज्ञानाच्या पेपरात लिहून उत्तम गुण मिळवले होते. अज्ञानाचा आडोसादेखील मला नाही.

गेड सावलीपासून पळत राहतो, तेव्हा त्याचे गुरू ओजिअन त्याला एवढेच समजावतात की, आता तू उलटा फीर आणि तिच्या मागे लाग. मग मित्राला घेऊन तो भर समुद्रात तिला गाठतो. शेवट सांगितला म्हणून कन्या रागावेल, पण सांगतोच. तिला नावच नाही, असे ज्या सावलीबद्दल थोरांनी बजावलेले, तिला तो नावाने हाक मारतो. सावलीही त्याच क्षणी तोच शब्द उच्चारते: गेड.

प्रसंग अप्रतिम आहे. तरी मला त्या पोराचा थोडा हेवा वाटला. त्याची सावली तोच होता. दोघांचे आपसात मिटले. कुलगुरू काही परत आले नाहीत. आणि माझ्या सावलीत दुसराच एक माणूस उभा होता, ज्याचे नाव मला आठवत नव्हते.

दिवाळीनंतर कॉलेजात शिपायाला घेऊन अडगळीची खोली उघडली. जुन्या हजेरीपत्रकांचे गठ्ठे धूळ खात होते. त्या वर्गाचे निघाले. ब्याण्णव नावांपैकी एकासमोर श्रावणातल्या एका तारखेपर्यंत ओळीने ‘ह’ आणि पुढे वर्षअखेरपर्यंत ‘गै’. सारे माझ्याच हस्ताक्षरात. म्हणजे त्याचे नाव मी रोज वर्गात पुकारत होतो आणि उत्तर येत नाही म्हणून पुढे जात होतो.

कन्येला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पत्र लिही ना, बाबा.”

प्रवेशअर्जावर गावचा पत्ता होता. पत्र चार वेळा लिहिले. प्रत्येक वेळी भाषा फार चांगली होत होती म्हणून फाडले. पाचवे, आठ ओळींचे, मार्गशीर्षात टाकले. अजून उत्तर नाही. त्याचे नाव मात्र आता मला पाठ आहे, वडिलांच्या नावासकट.