पडद्यावरची तलवार

चिनी तलवारबाजीच्या चित्रपटांविषयी जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांपुढे बोलावयाचे म्हटले, की तापी-पांझरेच्या काठी राहणाऱ्यांना त्याचे काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. आमचे उत्तर असे, की संबंध आहे आणि तो वरवरचा नाही. चीनमध्ये काय किंवा महाराष्ट्रात काय, तलवार आधी रणात होती, मग ती सोंगात आली आणि शेवटी पडद्यावर गेली. हा प्रवास तिकडे कसा झाला आणि इकडे कसा झाला, हे शेजारी शेजारी मांडून पाहिले म्हणजे एक माणूस ठळकपणे पुढे येतो. तो म्हणजे तलवार शिकविणारा वस्ताद. आजचे विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. 1923 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. कथा हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून घेतलेली. म्हाताऱ्या शेलारमामाची भूमिका अवघ्या एकवीस-बावीस वर्षांच्या व्ही. शांताराम यांनी केली. रात्रीच्या लढाईची दृश्ये टिपण्यासाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. त्या काळच्या आपल्या देशात ही नवलाचीच गोष्ट होती. बोलण्याची सोय नसल्यामुळे तानाजी आणि उदयभान यांचे वैर प्रेक्षकाला शब्दांतून कळणार नव्हते. ते हाताच्या फेकीतून, पायाच्या पवित्र्यातून आणि पात्याच्या चमकेतूनच कळावयाचे होते. तलवार हीच तेथे भाषा होती.

पाच वर्षांनी, 1928 साली, शांघायमधील मिंगशिंग कंपनीने ‘लाल कमळाच्या मंदिराचे दहन’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. तोही मूकपट, तोही लोकप्रिय कादंबरीवरून घेतलेला. लोकांची झुंबड अशी उडाली, की 1931 पर्यंत त्याचे अठरा भाग निघाले. अखेरीस तेथील सरकारने अंधश्रद्धा फैलावते असे म्हणून त्याच्यावर बंदी घातली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. अशा कथांना चिनी भाषेत ‘वूशिया’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या, आणि ‘शिया’ म्हणजे दुबळ्यांचा कैवार घेणारा, दिल्या शब्दाला जागणारा मनुष्य. दोन शब्द जोडले आहेत ते हेतुपुरस्सर. नुसती विद्या असून भागत नाही. ती कोणासाठी उपसावयाची, याचा विवेकही हवा. मराठी श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे चीनमध्ये राजकीय उलथापालथ झाली आणि हा चित्रप्रकार हाँगकाँगला जाऊन वाढला. त्याला नवे रूप आले ते 1966 साली, किंग हू यांच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ या शॉ ब्रदर्सच्या चित्रपटाने. कथा साधी आहे. दरोडेखोरांनी एका सुभेदाराच्या मुलाला पळविले आहे, आणि त्याला सोडविण्यासाठी त्याची बहीण पुरुषवेषात येते. खानावळीत ती एकटी बसलेली असताना गुंड तिच्याभोवती गोळा होतात. ते वस्तू भिरकावतात, डिवचतात, आणि ती फारशी न हलता सारे परतवून लावते. प्रत्यक्ष हाणामारी सुरू होण्यापूर्वीची ती शांतता हेच या दृश्याचे खरे सामर्थ्य आहे. चित्रपटात एक दारुड्या भिकारीही आहे. तो वस्तुतः मोठा शस्त्रज्ञ. परंतु समोरच्या दुष्टाचे आपल्यावर जुने उपकार आहेत म्हणून त्याचा हात अडतो. विद्या आहे, पण ती उपसावी की नाही हा पेच आहे. ‘वू’ आणि ‘शिया’ यांची ओढाताण ती हीच.

आता या दृश्यांची घडण पाहू. खरे द्वंद्व पाहण्यासारखे नसते. ते बहुधा क्षणार्धात संपते, आणि कोणी कोणाला कसे मारले हे पाहणाराला कळतही नाही. पडद्यावरील द्वंद्व हे म्हणून युद्ध नसते, तो नाच असतो. किंग हू यांना स्वतःला युद्धविद्या येत नव्हती, आणि तसे ते मोकळेपणाने सांगतही. मग त्यांनी काय केले? बीजिंगच्या संगीतनाट्यात नटांना लहानपणापासून उड्या, कोलांट्या, भाला-तलवारीचे हात आणि ठेक्यावर एकदम थबकून उभे राहणे हे सारे शिकवितात. त्या रंगभूमीवर तयार झालेले हान यिंगच्ये यांना त्यांनी मारामारीची दृश्ये बसविण्यास बोलाविले. नायिका म्हणून चेंग पेइपेइ या तरुण नर्तकीला घेतले. तिला शस्त्राचा सराव नव्हता, पण ताल आणि तोल होता. नाटकातील टाळ-ढोलांचा ठेका हू यांनी पार्श्वसंगीतात आणला. उंच उडीसाठी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उसळत्या फळ्या ठेवावयाच्या, आणि उडी एका तुकड्यात व उतरणे दुसऱ्या तुकड्यात दाखवून मधले अंतर प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवावयाचे, ही युक्ती त्यांनी पुढील चित्रपटांत पराकोटीस नेली. त्यांच्या ‘अ टच ऑफ झेन’मधील बांबूच्या वनातील द्वंद्व याच रीतीचे आहे. त्या चित्रपटाला 1975 साली कानच्या महोत्सवात तांत्रिक गुणांचा पुरस्कार मिळाला.

यात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की तेथे वस्तादाला मानाची जागा मिळाली. मारामारी बसविणाऱ्याचे नाव स्वतंत्रपणे पडद्यावर येऊ लागले, त्याला शिष्य लाभले, आणि शिष्यांना काम लाभले. 2000 साली ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने जगाला थक्क केले आणि चार ऑस्कर मिळविले. त्यातील द्वंद्वे बसविणारे युएन वूपिंग हे याच परंपरेतले. आणि 1966 ची ती तरुण नायिका चेंग पेइपेइ या चित्रपटात प्रौढ खलनायिका म्हणून उभी होती. एका पिढीची विद्या दुसरीच्या हाती कशी जाते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

आपल्याकडे भांडवल कमी होते काय? मुळीच नाही. 1878 च्या शस्त्रास्त्र कायद्यानंतर परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरला. तरी तलवारीची विद्या तालमींत, मर्दानी खेळाच्या रूपाने तग धरून राहिली. दांडपट्टाच घ्या. त्याचे पाते लांब, लवचिक आणि दुधारी. मूठ लोखंडी खोळीत असते, त्यामुळे मनगट जखडले जाते, आणि पाते फिरवावयाचे ते कोपर, खांदा, कंबर व पाय यांच्या बळावर. म्हणून पट्टेबाज उभा राहून वार करीत नाही; तो फिरत राहतो. एकटा मनुष्य अनेकांमध्ये भोवऱ्यासारखा फिरतो आहे, हे दृश्य कॅमेऱ्यासाठीच निर्माण झाल्यासारखे आहे.

माणसेही होती. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल यांना मूकपटांच्या काळात लोक भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. 1935 च्या ‘हंटरवाली’त नाडियाने स्त्रीही पडद्यावर शस्त्र गाजवू शकते हे दाखवून दिले. भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ (1952), ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) अशा चित्रपटांतून शिवकाल घराघरांत पोहोचविला. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि 1931 नंतर पडदा बोलू लागला आणि आपल्या ऐतिहासिक चित्रपटाचे वजन हळूहळू संवादाकडे झुकले. तलवार हातात राहिली, पण बोलण्याचे काम जिभेने घेतले. दिग्दर्शकांची नावे आपल्याला पाठ आहेत, नटांची तर आहेतच. परंतु ती द्वंद्वे ज्याने बसविली, त्या वस्तादाचे नाव आपल्यापैकी कितींना सांगता येईल?

खान्देशापुरते पाहिले तर हा प्रश्न अधिकच जवळ येतो. पारोळ्याच्या किल्ल्याशी झाशीच्या नेवाळकर घराण्याचे नाते आहे. राणी लक्ष्मीबाईंवर सोहराब मोदींनी 1953 साली रंगीत चित्रपट काढला. साक्री-पिंपळनेरच्या आदिवासी भागातील भवाड्यांत देवादिकांची सोंगे वाद्यांच्या ठेक्यावर नाचतात, शस्त्रे परजतात, आणि ठेका थांबला की थबकतात. बीजिंगच्या रंगभूमीवर जे घडते, त्याचे मूळ सूत्र येथेही तेच आहे: वार तालात पडला पाहिजे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आपल्या गल्लीतील मुले लाठी फिरवितात, कोणी पट्टा फिरवून लिंबू कापतो, आणि आपण दोन घटका उभे राहून कौतुक करतो. दुसऱ्या दिवशी मात्र ती कोणाजवळ शिकली, हे विचारण्यास आपण जात नाही.

2024 साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मान हत्याराला मिळून भागत नाही. हत्यार संग्रहालयात काचेमागे शेकडो वर्षे राहील. त्याचे हात मात्र माणसाबरोबर जातात. चिनी चित्रपटाने विद्या वाचविली ती माणसाला काम देऊन. आपल्या गावच्या शाळेत, नाट्यसंस्थेत, स्नेहसंमेलनात ऐतिहासिक प्रवेश बसविताना भाड्याचे अंगरखे आणतो, भाड्याच्या तलवारी आणतो. तेव्हाच एखाद्या वस्तादालाही बोलवावे, त्याला योग्य बिदागी द्यावी आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव छापावे. आता प्रत्येकाच्या खिशात चित्रण करणारे यंत्र आहे. मिरवणुकीतील चमत्काराबरोबर पहिला पवित्रा कसा घेतात, पाय कोठे पडतो, हेही सावकाश टिपून ठेवावे. याला पैसा फार लागत नाही, अगत्य लागते. पात्याला गंज चढला तर तो घासून काढता येतो; शिकविणारा हात गेला, तर नुसती मूठ उरते.