सर्पगंधेच्या मुळाचा अर्क : औषध केव्हा, अपाय केव्हा?

कोकणातील दमट, सावलीच्या रानांत हात-दीड हात उंचीचे एक साधे झुडूप आढळते. पेरापेरावर बहुधा तीन-तीन पाने, लालसर देठांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी फळे, ही त्याची ओळख. हीच सर्पगंधा, तिला हरकई, अडकई असेही म्हणतात. दापोलीपासून मुंबईपर्यंत, घरात कोणाला रक्तदाब जडला की तिच्या मुळाच्या अर्काचे थेंब घेण्याचा सल्ला आपुलकीने देणारे कोणी तरी भेटतेच. हा सल्ला निराधार नाही. मात्र तो अपुरा आहे, आणि धोका त्या अपुरेपणातच आहे.

मुळाचा इतिहास

आपल्याकडील वैद्य सर्पगंधेचे मूळ निद्रानाश व उन्मादावर फार पूर्वीपासून देत आले. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिचा परिणाम नोंदविला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातील ‘रेसरपीन’ हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मद्यार्कच का?

मुळातील औषधी द्रव्ये मुख्यतः सालीत असतात. रेसरपीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मद्यार्कात ते त्या मानाने बरे उतरते. म्हणूनच साध्या काढ्यापेक्षा मद्यार्कातील अर्क प्रभावी ठरतो. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन यांसारखी द्रव्ये रेसरपीनमुळे रिती होतात. परिणामी रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मन शांत होते.

परंतु ही शांतता मर्यादा ओलांडू शकते. रेसरपीनची रोजची मात्रा सामान्यतः पाव मिलिग्रॅमच्या आत ठेवली जाते. मुळात ते ०.१५ टक्के आहे असे धरले, तर एक ग्रॅम मुळात दीड मिलिग्रॅम, म्हणजे त्या मात्रेच्या सहापट भरते. शिवाय प्रत्येक मुळातील प्रमाण सारखे नसते आणि बाजारात याच कुळातील दुसऱ्या झुडपांची मुळेही मिसळलेली आढळतात. घरी केलेल्या अर्काच्या दहा थेंबांत नेमके किती औषध आहे, हे म्हणूनच कोणालाही सांगता येत नाही.

सावधगिरी

नाक चोंदणे, सुस्ती, जुलाब, मंद नाडी हे त्रास तर होतातच. त्याहून गंभीर म्हणजे काही रुग्णांना तीव्र नैराश्य येऊ शकते. औषध थांबविल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही. अधिक सुरक्षित गोळ्या उपलब्ध झाल्यावर डॉक्टरांनी रेसरपीनचा वापर फार कमी केला, तो यामुळेच. नैराश्य, जठरव्रण किंवा कंपवात असलेल्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी आणि हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी हा अर्क स्वतःहून कदापि घेऊ नये. रक्तदाबाची चालू गोळी परस्पर बंद करून थेंबांवर विसंबणे, किंवा गोळीच्या जोडीला थेंब घेणे, हेही घातक ठरू शकते. वैद्यांनी वा होमिओपॅथी चिकित्सकांनी सर्पगंधा दिली असेल, तर ते आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आणखी एक गोष्ट. मूळ खणले की झाड संपते. बेसुमार खणणीमुळे ही वनस्पती रानातून दुर्मीळ होत गेली. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. ज्यांना लागवड करावयाची असेल त्यांनी रानातील झाडे उपटण्याऐवजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे विचारणा करावी.

या मुळाने जगाला रक्तदाबावरील एक औषध दिले, ते कोणी तरी त्याची मात्रा मोजली म्हणून. ते मोजमाप बाजूला ठेवले, तर हातात उरते ते केवळ एक तीव्र मूळ.