जुन्या कॅमेऱ्यात उजळ स्क्रीन बसवायचीय? पैसे घालण्याआधी एवढं वाचा

कपाट आवरताना बाबांचा रोलचा कॅमेरा सापडतो. तो घेऊन तुम्ही संध्याकाळी केळव्याच्या सुरूच्या बनात जाता, व्ह्यूफाइंडरला डोळा लावता, तर आत सगळं अंधुक. मग कुणीतरी सांगतं, "उजळ फोकसिंग स्क्रीन टाक."

टाकावी का? आधी ती काय करते ते बघू.

एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो आणि दुधी पडद्यावर चित्र उमटतं. हीच फोकसिंग स्क्रीन. साधा पडदा प्रकाश चहूकडे पसरवतो. उजळ स्क्रीनवरची बारीक नक्षी जास्त प्रकाश थेट डोळ्याकडे वळवते. फिल्मवर पडणारा प्रकाश मात्र तेवढाच राहतो.

तर पहिलं काम म्हणजे आरसा आणि प्रिझम तपासा. दमट हवेत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात धूळ, बुरशी हेच अंधाराचं कारण असू शकतं. आरशाला आणि स्क्रीनला कापड, स्पिरिट लावू नका, फक्त ब्लोअर मारा.

दुसरं, तुमची लेन्स बघा. एफ/५.६ ची लेन्स एफ/२ पेक्षा आठपट कमी प्रकाश आत घेते. तिथे उजळ स्क्रीन कामी येते. अशा लेन्सला मधलं दुभंगलेलं वर्तुळ अर्धं काळं पडतं, म्हणून साधी मॅट स्क्रीन घ्या. पण ५० एमएम एफ/१.८ वापरत असाल, तर थांबा. खूप उजळ स्क्रीनवर फोकसबाहेरचा भागही बराच स्पष्ट दिसतो, त्यामुळे नेमका फोकस पकडणं उलट अवघड होतं.

तिसरं, मीटर. निकॉन एफएम२ सारख्या कॅमेऱ्यात मीटर स्क्रीनवरूनच प्रकाश मोजतं. स्क्रीन उजळ झाली की त्याला प्रकाश जास्त वाटतो आणि फोटो काळे येतात. म्हणून एकाच भिंतीचं, त्याच ॲपर्चरवर, स्क्रीन बदलण्याआधी आणि नंतर रीडिंग घ्या. एका स्टॉपचा फरक आला, तर ४०० चा रोल २०० वर सेट करा. याशिका-मॅट १२४जी मध्ये मीटरचा सेल वेगळा असतो, त्यामुळे ही भानगड नाही.

चौथं, उंची. स्क्रीन किंचित वरखाली बसली, तरी व्ह्यूफाइंडरमध्ये नेमकं दिसतं आणि फिल्मवर हुकतं. तिरकं ठेवलेलं वर्तमानपत्र पूर्ण उघड्या ॲपर्चरवर टिपा आणि मधल्या ओळीवर फोकस लागलाय का ते रोल धुतल्यावर बघा. जुनी स्क्रीन टाकू नका, ती जपून ठेवा.

आणि मॉडेल विचारल्याशिवाय ऑर्डर करू नका. पेंटॅक्स के१००० सारख्या कॅमेऱ्यांची स्क्रीन घरी बदलता येत नाही, तिथे मेकॅनिकच हवा.

थोडक्यात, बोईसर-डहाणूकडचा तारपा नाच रात्री टिपायचा असेल, तर आधी मोठ्या ॲपर्चरची लेन्स बघा. तिने व्ह्यूफाइंडरही उजळतो आणि फिल्मलाही प्रकाश मिळतो. स्क्रीनचा नंबर त्यानंतर.