दुसरा पडदा आणि सीलबंद पाकीट

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "लॅपटॉपच्या बारीक अक्षरांवर डोळे ताणायचे नाहीत." इकडे माझा नवा कवितासंग्रह निम्मा टाईप करून झालेला. मग मोठा मॉनिटर घरी आणला, केबल जोडली. मॉनिटरवर दोनच शब्द उमटले : नो सिग्नल. केबल बदलली, तरी तेच.

माझ्या लॅपटॉपवर ट्रिस्क्वेल आहे. स्पेनमध्ये सुरू झालेली ही पूर्णपणे मुक्त लिनक्स प्रणाली. तुम्ही म्हणाल, लिनक्स तर मुक्तच असतं! पण नेहमीच्या लिनक्ससोबत हार्डवेअर कंपन्यांचे काही बंद प्रोग्रॅम येतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. ते चिपच्या आत चालतात आणि त्यांचा मूळ मजकूर आपल्याला वाचता येत नाही. ट्रिस्क्वेलमध्ये लिनक्स-लिब्रे नावाचा गाभा असतो, त्यातून हे सगळं वगळलेलं असतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागचा विचार हाच : प्रोग्रॅम वाचता यावा, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा. कवीला हे पटायला वेळ लागत नाही.

माझी भाची संगणकातली जाणकार. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मामू, केबलला दोष देऊ नका. मशीनला दुसरा पडदा जोडता येतो हेच ठाऊक नाही."

मग लॅपटॉपचा स्वतःचा पडदा कसा दिसतो? मशीन सुरू होताना त्यातला मूळ प्रोग्रॅम एक पडदा उजळून देतो. प्रणाली त्यावरच चित्र काढत राहते. एकच पडदा, एकच माप. दुसरा पडदा हवा तर चित्राच्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर जागा व्हावा लागतो. हा ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. माझ्या लॅपटॉपचा दुभाष्या मुक्तच होता. पण चिप म्हणते, आधी कंपनीचं सीलबंद पाकीट द्या, मग बोलू. पाकीट म्हणजे ते फर्मवेअर. ट्रिस्क्वेलकडे ते नसतं.

ओळखायचं कसं? एक्सरँडआर नावाची आज्ञा पडद्यांच्या जोडण्यांची यादी दाखवते. यादीत एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट अशी नावं असतील आणि पुढे 'डिसकनेक्टेड' दिसत असेल, तर केबल आणि मॉनिटर तपासा. नावच नसेल, तर केबल बदलून उपयोग नाही. माझ्या यादीत एकच नाव होतं.

चिपांचे स्वभावही वेगवेगळे. इंटेलच्या २०१५ पूर्वीच्या लॅपटॉपमधल्या चिपांना पाकीट लागत नाही. २०१५ च्या पिढीपासून ते मागितलं जातं, पण त्या पिढीत मुख्यतः वीज वाचवण्यासाठी, पडदा त्याविनाही चालतो. एएमडीच्या नव्या चिपांचा ड्रायव्हर मुक्त असूनही पाकिटाशिवाय सुरू होत नाही. एनव्हिडियाच्या गेल्या दशकभरातल्या चिपा कंपनीच्या सहीचंच पाकीट मागतात, नाहीतर चित्राचा वेग मिळत नाही. काही लॅपटॉपमध्ये दोन चिपा असतात आणि बाहेरचं पोर्ट नेमकं दुसरीला जोडलेलं असतं. आतला पडदा झकास, बाहेरचा अंधारात. यूएसबीवरून पडदा चालवणारे काही डॉकही बंद ड्रायव्हर मागतात.

भाची म्हणाली, "दोन मिनिटांत फर्मवेअर टाकून देते." मी रात्रभर विचार केला. एकीकडे डोळे, दुसरीकडे तत्त्व. डेबियनसारख्या जुन्या, मानाच्या प्रकल्पानंही २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं ठरवलं. ज्याला उद्या सकाळी ऑफिसचं काम द्यायचंय, त्यानं पाकीट घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र आपण न वाचलेला कागद घरात ठेवतोय, एवढं त्याला माहीत असावं.

मला घाई नव्हती. तो लॅपटॉप धाकट्या भाच्याला अभ्यासासाठी दिला आणि स्वतःसाठी २०१३ चा, इंटेलची एकच चिप असलेला जुना लॅपटॉप घेतला. घेण्याआधी दुकानातच पेनड्राइव्हवरून ट्रिस्क्वेल सुरू केलं, दुकानदाराच्या मॉनिटरला केबल लावली. पडदा लगेच उजळला. तुम्हीही असंच करा. मुक्त प्रणाली वापरायची तर तिची किंमत खरेदीच्या वेळीच मोजावी. नंतर केबली बदलत बसण्यात अर्थ नाही.

बॅटरी दीड तासच टिकते, पण संग्रहाची मुद्रितं आता २४ इंची पडद्यावर तपासतोय. डोळ्यांना आराम आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या पूर्वीपेक्षा मोठ्या दिसू लागल्यात.